लेजर, ट्रेझर की सायफरॉक: ठाण्याच्या घरात कुठलं वॉलेट चालेल?

आधी हे ठरवा की हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टो नाण्यांची गुप्त किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, हवंच आहे का. क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजच्या ॲपवर वीस-तीस हजारांची नाणी पडून असतील, तर माझं उत्तर नाही असं आहे. यंत्राची किंमतच त्यातला मोठा घास खाईल, वर सांभाळायचं लचांड. रक्कम लाखांत गेली आणि दोन-तीन वर्षं विकायचा विचार नसेल, तर पुढे वाचा.

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांची शिल्लक वर्षाहून जास्त काळ अडकली. तेव्हापासून ‘आपली किल्ली आपल्याकडे’ हा सल्ला जो तो देतो. त्याच प्रकरणातली दुसरी बाजू मात्र फारसं कुणी सांगत नाही. वझीरएक्सच्याच निवेदनाप्रमाणे, व्यवहार मंजूर करणारे त्यांचे लोक लेजरची हार्डवेअर वॉलेट वापरत होते. कॉम्प्युटरवर एक दिसलं आणि सही भलत्याच व्यवहारावर झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेही साधारण याच वाटेने. किल्ली यंत्राबाहेर जात नाही हे खरं, पण न वाचता बटण दाबलंत तर यंत्र तुम्हाला अडवत नाही.

म्हणून मी दोनच प्रश्नांवर निवड करतो. यंत्राचा पडदा तुम्ही खरोखर वाचाल का, आणि सीडचे शब्द (यंत्र हरवलं तर किल्ली परत मिळवून देणारी शब्दांची यादी) ठेवणार कुठे? किती नाणी चालतात, ब्लूटूथ आहे का, रंग कुठला, हे सगळं नंतर.

लेजर नॅनो एस प्लस आणि ट्रेझर सेफ ३ बाजारात आले तेव्हा दोघांचीही किंमत ७९ डॉलर होती; इथे हातात पडेपर्यंत ती बरीच वाढते. दोन्ही यूएसबी-सीवर चालतात, दोन्हींना दोनच बटणं आणि पडदा बोटाच्या पेराएवढा. बिटकॉइनचा लांबलचक पत्ता त्यावर तुकड्यातुकड्याने वाचावा लागतो. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर हे कंटाळवाणं होतं, आणि कंटाळलेला माणूस वाचत नाही. अशांनी जास्त पैसे घालून मोठ्या पडद्याचं ट्रेझर सेफ ५ किंवा लेजर फ्लेक्स घ्यावं. ब्लूटूथपेक्षा या जागी घातलेला पैसा सत्कारणी लागतो.

दोघांमधला खरा फरक विश्वासाचा आहे. फ्रान्सच्या लेजरने पहिल्यापासून किल्लीसाठी वेगळी सुरक्षित चिप वापरली, पण फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) पूर्ण खुलं नाही. २०२३ मध्ये त्यांनी ‘रिकव्हर’ नावाची ऐच्छिक सेवा आणली: सीडचे तीन कूटबद्ध तुकडे तीन कंपन्यांकडे. ‘म्हणजे सीड यंत्राबाहेर जाऊ शकतं तर!’ असा गदारोळ झाला, आणि मला तो रास्त वाटला. झेक प्रजासत्ताकाच्या ट्रेझरचं फर्मवेअर कुणीही तपासावं असं खुलं आहे. त्यांच्या जुन्या मॉडेलांत मात्र सुरक्षित चिप नव्हती. यंत्र हाती लागलं तर सुमारे पंधरा मिनिटांत सीड काढता येतं, हे क्रॅकन या एक्स्चेंजच्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये दाखवून दिलं. सेफ ३ मध्ये ती चिप आली, त्यामुळे ओळखीतल्या कुणाचं जुनं ट्रेझर स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. सेकंडहँड वॉलेट तसंही कुठलंच घेऊ नये.

फक्त बिटकॉइन किंवा बिटकॉइन-इथर असेल तर मी ट्रेझर सुचवेन. दहा प्रकारची नाणी असतील तर लेजरची यादी मोठी आहे. यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं नाणं) असेल तर ते कुठल्या ब्लॉकचेन नेटवर्कवर आहे ते बघून, यादी तपासून मगच ऑर्डर करा.

सायफरॉक एक्स१ ही गुरुग्रामच्या कंपनीची वेगळीच चीज आहे. यात किल्लीचे पाच भाग होतात: एक यंत्रात, चार कार्डांत. पाचपैकी कुठलेही दोन जमले की काम होतं, त्यामुळे शब्द कागदावर लिहून ठेवण्याची सक्ती नाही. ठाण्यातल्या बऱ्याच घरांना हे सोयीचं पडेल. यंत्र आणि एक कार्ड घरी, एक नौपाड्यातल्या बँकेच्या लॉकरमध्ये, एक बहिणीकडे ऐरोलीला, एक गावी. (गाव चिपळूण असेल तर माळ्यावर ठेवा, २०२१ चा पूर विसरला नसालच.) फक्त यंत्र आणि कार्ड एकाच कपाटात ठेवू नका, चोराला दोन भाग आयते मिळतील. माझी शंका एवढीच की कंपनी तुलनेने लहान आणि नवी आहे. बाकी दोघांचा दशकभराचा बरावाईट इतिहास तरी समोर आहे.

लेजर-ट्रेझर घेतलंत तर शब्दांचा प्रश्न तुमच्या गळ्यात. ते १२, २० किंवा २४ शब्द यंत्र स्वतः तयार करतं. खोक्यात आधीच शब्द लिहिलेलं कार्ड निघालं तर ती फसवणूक आहे, सरळ परत पाठवा. फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही, आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशन तर मुळीच नाही. पावसाळ्यात खाडीकडच्या घरांत कागदाला बुरशी धरते, म्हणून स्टीलची पट्टी बरी. जांभळी नाक्याला भांड्यांवर नावं घालून देणारे आहेत, पण त्यांच्यापुढे शब्द वाचायचे नसतात. हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांचे पंच आणा आणि घरीच ठोका. हे शब्द ज्या ठरावीक इंग्रजी याद्यांतून येतात, त्यांत प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, म्हणजे २४ शब्दांनाही जास्तीत जास्त ९६ अक्षरं पुरतात. रविवार दुपारचं काम आहे. खालच्या मजल्यावरचे काय म्हणतील ते तुम्ही बघा.

मागवताना घरचा पत्ता देऊ नका, ऑफिसचा द्या. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर बाहेर फुटले. काहींना नंतर पोस्टाने बनावट यंत्रंही आली. ट्रेझरच्या ग्राहकांची संपर्क-माहितीही २०२४ मध्ये सपोर्ट पोर्टलवरून फुटली, तेव्हा यात कुणी सोवळं नाही. कंपनीकडून म्हणून फोन आला आणि शब्द विचारले, तर बोलणाराच चोर.

मांडणी झाली की लगेच सगळी रक्कम हलवू नका. आधी थोडीशी पाठवा, पत्ता यंत्राच्या पडद्यावर जुळवून. मग मुद्दाम यंत्र पुसा आणि लिहिलेल्या शब्दांवरून परत उभं करा. लेजर तीनदा चुकीचा पिन दाबला की स्वतःच पुसलं जातं. घरात लहान मूल असेल तर ही तालीम तुमच्याशिवायही घडेल. शिल्लक परत दिसली की उरलेलं पाठवा. आणि घरातल्या एका माणसाला पट्टी कुठे आहे ते सांगा, कारण इथे नॉमिनीचा फॉर्म नसतो.

एक्स्चेंजवरून आपल्याच वॉलेटमध्ये नाणी नेणं ही विक्री नव्हे. विकताना मात्र नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस आहेच. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची मिळते, आणि ती किंमत वॉलेटमध्ये कुठेही नोंदलेली नसते. म्हणून नाणी हलवण्याआधी एक्स्चेंजवरून खरेदीचं पूर्ण स्टेटमेंट उतरवून घ्या. काही ॲप नाणी बाहेर काढूच देत नाहीत. तुमचं त्यातलं आहे का, हे यंत्राची ऑर्डर देण्याआधी बघा.