जुन्या जकुझीची विल्हेवाट : अंधेरीतील एका सेवेचा अनुभव

गच्चीवरचा जुना जकुझी, म्हणजे गरम पाण्याच्या फवाऱ्यांचा टब, हलवण्यासाठी आम्ही अंधेरीतील एका भंगार व्यावसायिकाची सेवा घेतली आणि काही बाबतींत ती फारच चांगली निघाली. क्लोरीन उडून जाईपर्यंत पाणी उघडे ठेवून मगच सोडण्याचा त्यांचा आग्रह मला मोलाचा वाटला, कारण मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांतील पाणी प्रक्रियेविना खाडीत आणि समुद्रात जाते.

वीजजोडणी तोडून त्यांनी मोटर, हीटर आणि सर्किट बोर्ड वेगळे केले. मोटरमधील तांब्याला भाव मिळतोच. बोर्ड मात्र त्यांनी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे दिला व पावती आणून दाखवली.

खरा प्रश्न टबच्या कवचाचा आहे. कवचाच्या ॲक्रिलिक प्लास्टिकला मागून फायबरग्लासचा थर असतो आणि त्यातील रेझिन (काचतंतूंना जोडणारे चिकट रसायन) एकदा घट्ट झाले की तापवूनही वितळत नाही, त्यामुळे प्लास्टिकचे भंगारवालेही ते घेत नाहीत. कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असल्याने कामगारांनी मास्क लावून, पाणी मारत काम केले, हे पाहून बरे वाटले. कवचाचे तुकडे शेवटी कोठे गेले, याचे लेखी उत्तर मात्र मिळाले नाही. असे लेखी उत्तर काम ठरवतानाच मागावे.