जिप्सीच्या स्टेअरिंग जॉइंटपायी 29,250 रुपये गेले. ज्यांची गाडी रोज रस्त्यावर असते त्यांनी वाचा

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण आपण लाजेपोटी आकडे लपवतो आणि त्यावरच ही फसवणारी माणसं पोसली जातात. ऑनलाइन पेजवरून नकली जॉइंट विकणाऱ्या पेजवाल्याला 21,650 गेले. पाइप, आटे पाडणं आणि लेथवरचे बुश 4,200. मिस्त्रींची मजुरी 2,800. अलाइनमेंट 600. एकूण 29,250. आज माझ्या गाडीवर जे जॉइंट आहेत ते नाना पेठेतून 3,460 रुपयांना चार आणलेले आहेत, साधे, रबर बूट (टोपण) आणि ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेले.

मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. 19 वर्षं व्हर्नियर आणि थ्रेड गेज हातात आहे. म्हणून हे लिहिताना जास्त त्रास होतोय. घरी मी 12,000 च सांगितले होते, खरा आकडा आज हे वाचून कळेल. कळू दे.

गाडी 2012 ची जिप्सी, दोन इंच लिफ्ट, म्हणजे उंच केलेली. रोज रावेत ते भोसरी आणि परत, रविवारी कधी राजमाचीचा कच्चा रस्ता, कधी मुळशीच्या मागचा भाग. लिफ्ट केली की स्टेअरिंग बॉक्सकडून खाली येणारी ड्रॅग लिंक (चाकं वळवणारा दांडा) जास्त तिरकी होते आणि जॉइंट कायम ताणलेल्या कोनात काम करतो. माझे जॉइंट तसेच गेले. बूट फाटले, आत माती गेली, स्टेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा आला. टाय रॉडला (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) दोन आणि ड्रॅग लिंकला दोन, चार बदलायचे होते. एवढंच काम होतं. दोन तासांचं.

पण मला वाटलं, एकदाच मजबूत काहीतरी टाकू. हाइम जॉइंट, ज्याला कुणी रोझ जॉइंट म्हणतात, त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. लोखंडी कडीत चकचकीत गोळा, पाहूनच ताकद वाटते. ज्या पेजवर मी ते पाहिले त्याला हजारो फॉलोअर होते, गाड्यांचे व्हिडिओ होते, खाली लोकांचे धन्यवाद होते. मी काही आंधळेपणाने गेलो नव्हतो. दोन महिने पेज बघत होतो. तीन कोटेशन घेतली होती. यांचं सर्वात स्वस्तही नव्हतं, मधलं होतं, आणि मधलं होतं म्हणूनच खरं वाटलं. क्रोमोली (मजबूत मिश्र पोलाद) स्टील, आत टेफ्लॉन लायनर (गोळ्याभोवतीचं अस्तर), चार जॉइंट आणि चेक नट मिळून 18,400 रुपये.

आता ती जागा, जिथे मी थांबायला हवं होतं. 13 मे 2025, रात्री पावणेअकरा. मी व्हॉट्सॲपवर विचारलं की दोन जॉइंट लेफ्ट हँड थ्रेडचे आहेत ना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रॉडच्या एका टोकाला सरळ आटे असतात, दुसऱ्या टोकाला उलटे. म्हणून पाइप फिरवला की दोन्ही जॉइंट एकदम आत जातात किंवा बाहेर येतात आणि त्यावरच टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) बसवता येतो. हे स्टेअरिंगचं बाराखडीतलं अक्षर आहे. त्याचं उत्तर आलं, "सर, लेफ्ट-राइट दोनों साइड लग जाएगा, टेंशन मत लो."

त्याला वाटलं मी गाडीची डावी-उजवी बाजू विचारतोय. स्टेअरिंगचे जॉइंट विकणाऱ्या माणसाला उलटा आटा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. मी ते वाचलं. मला खटकलं. मोबाइल उलटा ठेवून मी पाणी प्यायला उठलो, एवढं मला आठवतंय. परत येऊन स्वतःलाच समजावलं की समोर कुणी चॅटवर बसलेला पोरगा असेल, माल पाठवणारा वेगळा असेल. दुसऱ्या दिवशी, 14 मे ला, मी 9,000 ॲडव्हान्स यूपीआयने पाठवले. 22 मे ला "माल पॅक झाला" म्हणून उरलेले 9,400. कारखान्यात एखाद्या सप्लायरने मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याचा माल गेटच्या आत घेतला नसता.

3 जूनला पार्सल आलं. चारही जॉइंट सरळ आट्याचे. मी चिडून फोन केला तर आवाज एकदम नम्र. दोन परत पाठवा, उलट्या आट्याचे देतो, पण एक्स्चेंज आणि कुरिअरचे 3,250 लागतील. चूक त्यांची, पैसे माझे. तेही दिले. का दिले? कारण 18,400 अडकले होते आणि ते सोडवायला 3,250 थोडे वाटले. ज्यांनी असे पैसे कधी भरलेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. त्या वेळी पैसे न देता पावती, चॅट आणि खोका घेऊन तक्रार केली असती तर "चुकीचा माल पाठवला" एवढी सरळ गोष्ट होती. मी ती स्वतःच मोडून टाकली.

बसवतानाही आमच्या मिस्त्रींनी दोनदा सांगितलं, "दादा, रोजच्या गाडीला हे कशाला? हे रेसच्या गाड्यांना. ते लोक सारखे बदलतात." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. हाइम जॉइंटला बूट नसतो. गोळा उघडा. धूळ आणि पावसाळ्यातला चिखल आत गेला की दर वळणाला तो घासला जातो, आणि टेफ्लॉन लायनरच्या जॉइंटला ग्रीस भरून ते थांबवता येत नाही. साध्या टाय रॉड एंडला (कंपनीचा नेहमीचा जॉइंट) बूट आहे, ग्रीसगन लावता येते, जाताना आधी थोडा प्ले देऊन सांगतो. हे मला वाचून माहीत होतं. फोटोपुढे विसरलो.

एक गोष्ट मात्र मिस्त्रींमुळे वाचली. पेजवाल्याने सांगितलं होतं की नकलचं (चाकाजवळचा भाग, ज्यात जॉइंट बसतो) भोक सरळ ड्रिल करून बोल्ट टाका. मिस्त्रींनी ड्रिल हातात घ्यायलाच नकार दिला. ते भोक निमुळतं असतं, कंपनीच्या जॉइंटचा स्टड त्यात रुतून बसतो. एकदा सरळ केलं की कंपनीचा जॉइंट परत तसा बसत नाही. त्यांनी लेथवर निमुळते बुश करून घेतले. कुणीही तुम्हाला नकल ड्रिल करायला सांगितलं तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. दुसरं त्यांनी केलं ते म्हणजे प्रत्येक जॉइंटवर कडीपेक्षा मोठा वॉशर टाकला, गोळा निसटलाच तर रॉड सुटून पडू नये म्हणून.

10 ऑगस्टला ताम्हिणीत त्या वॉशरने मला वाचवलं. पाऊस, वेग 45 च्या आसपास, डावं चाक खड्ड्यात गेलं आणि स्टेअरिंग हातात थडथडायला लागलं. मुलगी मागे बसली होती. कसाबसा कडेला घेतली. खाली वाकून टॉर्च मारला तर उजव्या टोकाचा गोळा कडीतून अर्धा बाहेर आला होता आणि सगळा भार वॉशरवर होता. बसवून 1,900 किलोमीटरसुद्धा झाले नव्हते.

गॅरेजला मिस्त्रींनी तो जॉइंट व्हाइसमध्ये धरला आणि साधी कानस मारली. चार हातांत पिवळं प्लेटिंग निघालं आणि खाली मऊ लोखंड, कानस लोण्यासारखी चालत होती. क्रोमोली कुठलं! दुसरा जॉइंट कानाजवळ हलवला तर टकटक आवाज. लायनर नावाला नव्हता, गोळा उघड्या लोखंडावर फिरत होता. वर मात्र एका परदेशी कंपनीचं नाव लेझरने सुबक कोरलेलं. हा आवाज पार्सल उघडलं त्या दिवशीसुद्धा आला असता. नवा जॉइंट बोटांनी फिरवताना जड लागला पाहिजे. सैल फिरला, वाजला, तर तो गाडीला लावू नका, भंगारात द्या.

मग बिल काढलं. पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबर 09 ने सुरू. 09 म्हणजे उत्तर प्रदेश, दिल्लीचा 07, आपला 27. त्या वेळी गाडीच्या सुट्या भागांवर 28 टक्के कर होता, बिलावर 12 टक्के. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला तर नाव कापडाच्या व्यापाऱ्याचं निघालं, त्या बिचाऱ्याचा नंबर चोरलेला असणार. ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे. पैसे पाठवण्याआधी बिलाचा नमुना मागा आणि नंबर टाकून बघा.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याबद्दल. ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बसवलं. मग हवालदार म्हणाले, "साहेब, माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली, ग्राहक कोर्टात जा." मी म्हटलं, लोखंड रंगवून दुसऱ्या कंपनीच्या नावाने विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मी मोबाइलवर काढून दाखवलं. त्यांनी बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब होते. त्यांनी जॉइंट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "गाडीत असा बदल करायची परवानगी घेतली होती का?"

त्या प्रश्नाने माझं तोंड बंद झालं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे, कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचा बदल चालत नाही, आणि दर बदलाला 5,000 दंडाची तरतूद आहे. मान्य. माझी ती चूक मी भरायला तयार होतो आणि तसं बोललोही. पण त्यामुळे मला नकली जॉइंट विकणारा सुटतो कसा? मुलगी गाडीत होती हे मी तीनदा सांगितलं. एकानेही ते लिहून घेतलं नाही. अर्जावर शिक्का मारून दिला, एफआयआर नाही. हद्द दिल्लीची म्हणाले. हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय, आणि ते मला, एका क्वालिटी इन्स्पेक्टरला, पोलिसांना सांगावं लागलं. बँकेत तर काउंटरवरच्या बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "पिन तुम्हीच टाकला ना सर?" हो, मीच टाकला. तीन वेळा टाकला. चौथ्या फेरीला मॅनेजर भेटले, त्यांनी एक फॉर्म दिला, आणि त्या फॉर्मची पोच मागितली तर पोच द्यायची पद्धत नाही म्हणाले. सहा अर्ध्या रजा गेल्या माझ्या यात.

1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) मी फोन केला तोपर्यंत शेवटचं पेमेंट होऊन दोन महिने झाले होते. इथे दोष माझा. शंका आली त्याच तासाला 1930 लावायचा, पैसे खात्यात आहेत तोवरच ते गोठवता येतात. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या होते, दोन वर्षांची मुदत आहे. मी केलं आहे. वकील लावलेला नाही.

जॉइंट बदलायचे असतील तर जुने काढताना फेऱ्या मोजून ठेवा, नवे तेवढेच आत घाला आणि लगेच टो करून घ्या. कॅसल नटमधली स्प्लिट पिन नवीनच टाका, जुनी सरळ करून वापरणारा मिस्त्री बदला. प्ले बघायचा असेल तर चाकं जमिनीवर ठेवूनच एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने जॉइंटवर हात ठेवायचा. हाताला टक् लागलं की बदला. लिफ्ट असेल तर बूट दर महिन्याला वाकून बघा. आणि रोजच्या गाडीला बूटवाला, ग्रीस भरता येणारा टाय रॉड एंडच, दुकानात उभं राहून, खोका उघडून, पक्क्या बिलावर.

ते पेज सप्टेंबरमध्ये गायब झालं. मागच्या आठवड्यात नवं नाव दिसलं. फोटो तेच, जॉइंट ठेवलेल्या टेबलावरचं निळ्या फुलांचं मेणकापड तेच. भाव आता 21,999. मी मेहुण्याच्या नंबरवरून विचारलं, लेफ्ट हँड थ्रेड आहे का. चार मिनिटांत उत्तर आलं, दोन्ही साइडला बसतं म्हणून. स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडलाय.