नाणे खरे, ग्रेड खोटा

सांगलीतल्या एका संग्राहकाने ऑनलाइन जाहिरात पाहून १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया मागवला. जाहिरातीत ‘यूएनसी, फुल लस्टर’ (म्हणजे चलनात न फिरलेले, मूळ झळाळी पूर्ण शाबूत) असे लिहिलेले, सोबत चार फोटो, आणि रक्कम आधी यूपीआयने भरायची अट. घरी आलेले नाणे अस्सल होते. वजन बरोबर, चांदी बरोबर, कडेचे दातेही बरोबर. पण नाणे पूर्वी कधीतरी घासलेले आणि नंतर रसायनात बुडवून पांढरे केलेले होते. अशा नाण्याला जाणकार संग्राहक यूएनसीचा भाव देत नाही. घेणाऱ्याने मात्र तोच भाव मोजला होता.

तक्रार केल्यावर विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते : ‘सराफाला दाखवा, चांदी खोटी निघाली तर पैसे परत.’ सराफ कट्ट्यावर नाणे खरेच ठरले, आणि ते ठरणारच होते. आपल्या जिल्ह्यात चांदीची पारख करणाऱ्यांची वाण नाही. विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळणारे, देशभर हेच काम करतात. पण त्यांची पारख धातूची. या रुपयाचे मूळ वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. नाणे घासलेले असो वा कोरे, हा आकडा जवळपास तोच राहतो. संग्राहक चांदीच्या वर जे पैसे देतो ते पृष्ठभागाचे असतात, आणि पृष्ठभाग ना तराजूवर कळतो ना कसोटीवर. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्याने सराफाचे नाव पुढे केले.

आता फोटोंकडे येऊ. ग्रेड म्हणजे नाणे किती शाबूत आहे याचा दर्जा. त्याच्या ७० अंकांच्या मापात ६० ते ७० म्हणजे यूएनसी, ५० ते ५८ एयू (जवळजवळ न झिजलेले), ४० आणि ४५ एक्सएफ (थोडे झिजलेले), २० ते ३५ व्हीएफ (त्याहून जास्त झिजलेले). एक्सएफपर्यंतचा ग्रेड मुख्यतः झिजेवर ठरतो आणि झीज फोटोत दिसते. पंचम जॉर्जच्या रुपयावर भुवई, कानावरचे केस, मिशी, मुकुटातले मोती आणि झग्यावरचा हत्ती बघायचा. हे भाग उंच असल्यामुळे आधी सपाट होतात. पन्नासच्या पुढे हिशोब बदलतो. तिथे नक्षी जवळजवळ सगळी शाबूत असते आणि ग्रेड ठरतो मूळ झळाळीवर आणि बारीक ओरखड्यांवर. स्थिर फोटोत नेमक्या याच दोन गोष्टी लपवता येतात. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की नुसत्या फोटोवर एक्सएफच्या वरचा भाव कोणी देऊ नये, विक्रेता कितीही भला वाटला तरी.

झळाळी फोटोत का सापडत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. ठसा बसताना दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म रेषा तयार होतात. त्या रेषांमुळे नाणे दिव्याखाली तिरपे करून फिरवले की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. रसायनात बुडवल्यावर काळा थर जातो, पण त्याबरोबर थोडी चांदीही जाते आणि त्या रेषा बोथट होतात. एकदा झटकन बुडवलेले नाणे कधीकधी निभावते. वारंवार बुडवलेले पांढरे दिसते, पण त्याच्यावर पट्टा फिरत नाही. फोटोत पांढरे आणि झळाळणारे यांतला फरक उरत नाही, कारण फोटो हलत नाही.

घासलेल्या नाण्याची गोष्ट आपल्याकडे जास्त घडते. लक्ष्मीपूजनाला ठेवायचे रुपये चिंच, राख, रांगोळी किंवा टूथपावडरने उजळायची पद्धत घरोघरी आहे. पूजेसाठी त्यात काही गैर नाही, पण त्या प्रत्येक घासण्याने मोकळ्या जागेवर शेकडो केसासारखे ओरखडे पडतात. ते बहुधा एका दिशेने किंवा गोलाकार जातात. दहापट भिंगातून, एकाच दिव्याच्या तिरप्या उजेडात ते लगेच दिसतात. अक्षरांच्या बेचक्यात मात्र हात पोहोचत नाही, तिथे काळपट मळ किंवा पावडरीचा पांढरा अंश अडकून राहतो. मोकळी जागा लख्ख आणि अक्षरांच्या मुळाशी काळी किनार, ही खूण फोटोतही पकडता येते. या व्यवहारातल्या फोटोंत ती होती. सालाच्या आकड्यांभोवती स्पष्ट दिसत होती.

त्या चार फोटोंत आणखी काय होते? दोन्ही बाजूंचे फोटो पसरट उजेडात, बहुधा पांढऱ्या कागदाने दिवा झाकून काढलेले. अशा उजेडात सावली पडत नाही आणि सावलीशिवाय ओरखडा दिसत नाही. उजळपणा इतका वाढवलेला की राजाचा गाल आणि मागची मोकळी जागा एकाच पांढऱ्या रंगाची. एयू नाण्यावर गाल आणि भुवई किंचित करडी पडतात. तो करडेपणा असा पुसला गेला. तिसरा फोटो प्लॅस्टिकच्या पाकिटातला, त्यामुळे ओरखडा नाण्यावरचा की प्लॅस्टिकवरचा हे सांगणेच अशक्य. चौथा नाणे तळहातावर ठेवलेला. कडेचा एकही नाही. कडेचा फोटो नसणे किरकोळ समजू नका. जुन्या रुपयांना दागिन्यात गुंफण्यासाठी कडी झाळलेली असायची. ती काढून जागा घासली की राजाच्या डोक्यावर, बाराच्या काट्याजवळ, दाते बुजलेले राहतात. समोरून काढलेल्या फोटोत ते दिसत नाहीत.

फोनचा कॅमेराही हातभार लावतो. तो आपोआप रेषा ठळक करतो आणि सपाट भाग गुळगुळीत करतो, म्हणजे झिजलेले केस उठावदार दिसतात आणि ओरखडे नाहीसे होतात. तोच फोटो व्हॉट्सॲपवर आला की आणखी दाबला जातो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागा.

त्याहून कामाचा म्हणजे व्हिडिओ. नाणे पाकिटाबाहेर, खोलीत एकच उघडा बल्ब, नाणे कडेने धरून हळूहळू तिरपे करत पूर्ण फिरवायचे, दोन्ही बाजू, मग कड. वीस-तीस सेकंद पुरतात. पट्टा उंच भागावरून न तुटता गेला तर नाणे यूएनसीच्या जवळ आहे. भुवईवर किंवा गालावर तुटला तर झीज आहे. पट्टाच नसेल तर बुडवलेले, घासलेले किंवा फार झिजलेले आहे. हत्तीची नक्षी अंधुक असेल तेव्हाही हाच व्हिडिओ निर्णय देतो : ठसा कच्चा बसला असेल तर अंधुक भागावरही झळाळी असते, झिजेने गेली असेल तर नसते. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ झाली की व्यवहार तिथेच सोडावा.

१९११ च्या बाबतीत एक वेगळी तपासणी लागते. त्या वर्षीच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड होती, लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि बरीच नाणी परत घेऊन वितळवली गेली. १९१२ पासून सोंड लांब केली. म्हणून नंतरच्या सालाचा शेवटचा आकडा खरवडून १९११ केलेला रुपया सोंडेवरून ओळखता येतो. आधी हत्ती बघावा, मग साल.

ग्रेडिंग कंपनीने ग्रेड ठरवून लेबलसह प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेले नाणे घेतले की झाले, असे समजू नये. लेबल अर्धवट कापलेला फोटो टाकून ‘क्लीन्ड’ (घासलेले) किंवा ‘डिटेल्स’ (पृष्ठभागात दोष असलेले) हा शब्द चौकटीबाहेर ठेवण्याची युक्ती सर्रास चालते. लेबलवरचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकावा आणि तिथे नाण्याचा फोटो असेल तर ओरखडा-डाग जुळवून बघावा, कारण खऱ्या क्रमांकाच्या खोट्या डब्याही बनतात. आणि आपण स्वतः परदेशी पाठवून ग्रेड करून घेऊ म्हणाल, तर शंभर वर्षांवरील नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, परवानगीशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

या प्रकरणात पैसे अडकले ते पुराव्याअभावी. तक्रार होताच जाहिरात काढून टाकली गेली आणि ‘यूएनसी’ हा शब्द घेणाऱ्याकडे कुठेच लेखी उरला नाही. पैसे भरण्याआधी जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. चॅटमध्ये सरळ विचारा : ‘नाणे घासलेले, बुडवलेले किंवा कडी काढलेले नाही ना? तसे निघाले तर सात दिवसांत परत घ्याल का?’ उत्तर लेखी हवे, फोनवरचे नको. पार्सल उघडताना सील, पत्ता आणि नाणे एकाच सलग व्हिडिओत घ्या, आणि मिळाल्यानंतर नाणे चुकूनही पुसू नका, नाहीतर ओरखडे तुमच्याच नावावर लागतील.

पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढे वळती होण्याआधी थांबवण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते. नाणे आले पण ग्रेड खोटा निघाला, आणि विक्रेता नाण्यांचा व्यापार करणारा असेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. विक्रेता कुठल्याही शहरातला असो, सांगलीच्या माणसाला त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीसोबत स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, उघडतानाचा व्हिडिओ आणि तिरप्या उजेडात काढलेले ओरखड्यांचे फोटो जोडावेत. सराफाचा चांदीचा दाखला जोडून उपयोग नाही. तो विक्रेत्याच्याच बाजूने बोलतो.