सोसायटीचं ‘पावसाळी डासनियंत्रण पॅकेज’: घ्या, पण बदलून घ्या

मे संपत आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या कमिट्यांकडे पेस्ट कंट्रोलची कोटेशनं येऊ लागतात. पॅकेज साधारण ठरलेलं असतं: जून ते सप्टेंबर दर आठवड्याला धूरफवारणी आणि महिन्यातून एकदा गटारात अळीनाशक. हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या पॅकेजचं आहे. छापील कोटेशनवर सही करण्याआधी त्यातली निम्मी कलमं बदलायला हवीत.

आधी धूर. डिझेल किंवा केरोसीनमध्ये मिसळलेल्या औषधाचा थेंब उडत्या डासाला लागला तरच तो मरतो. अंडी, अळ्या, कोष सगळे शाबूत राहतात आणि धूर विरला की असरही संपतो. डेंग्यू पसरवणारा एडिस तर घरात, कपाटामागे, पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांत दडून बसतो. मशीनचा आवाज आला की आपण खिडक्या लावून घेतो, म्हणजे तो सुरक्षितच. भर दुपारी मारलेला धूर तापलेल्या हवेबरोबर वर निघून जातो, जोराच्या वाऱ्यात किंवा पावसात तर काहीच हाती लागत नाही. धुराची वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची. त्याचं खरं काम इमारतीत डेंग्यू किंवा मलेरियाचा रुग्ण सापडल्यावर, तेही घरांच्या आत फवारणी करून, कारण तेव्हा रोगजंतू घेऊन फिरणारे पूर्ण वाढलेले डास लगेच मारायचे असतात. एरवी दर आठवड्याला त्यावर पैसे घालू नयेत.

पॅकेजचं वेळापत्रक कॅलेंडरवर चालतं, डासाचं हवेवर. जुलैतली मुसळधार कुंड्या-डबे धुऊन काढते, अळ्या वाहून जातात. धोका उघडिपीत असतो. श्रावणातल्या ऊन-पावसात साचलेलं पाणी हलत नाही आणि त्या उबेत अंड्यापासून डास व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात. महिन्यातून एकदा अळीनाशक म्हणजे मधल्या काळात दोन-तीन पिढ्या उडून गेल्या. शिवाय 25 अंशांना डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, 30 अंशांना आठवडाभर. डास जगतो दोन ते चार आठवडे, त्यामुळे गरम हवेत विषाणू तयार होण्याआधीच मरणारे डास कमी होतात. ऑक्टोबरचा उकाडा आणि हवेतला दमटपणा हेच करतो, आणि नेमकं तेव्हा पॅकेज संपलेलं असतं. ते नोव्हेंबरअखेरपर्यंत मागून घ्या.

औषध चुकीच्या जागी पडतं हा दुसरा दोष. गटारात क्युलेक्स जातीचा डास वाढतो; तो त्रासदायक आहे, पण डेंग्यू-मलेरिया त्याच्यामुळे होत नाही. एडिसला हवं स्वच्छ, थांबलेलं पाणी: कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवर ताडपत्रीच्या घडीत साठलेलं वाटीभर पाणी. मुंबईतला मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. 1911 साली मलेरियातज्ज्ञ डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला, तेव्हाही बोट विहिरींकडेच होतं. टाकी बारा महिने भरलेली असते, म्हणून मलेरियाला पावसाळा लागतच नाही.

गच्चीवरची टाकी बघताना झाकण हलवून बघा. कडेला फट असेल तर रबरी पट्टी लावा. ओव्हरफ्लो पाइपचं तोंड बहुतेक ठिकाणी उघडं असतं; त्यावर 1.2 मिमीपेक्षा मोठी भोकं नसलेली स्टीलची जाळी क्लिपनं घट्ट बसवा. कापड बांधू नका, ते कुजतं. मग टॉर्च आणि पांढरा वाडगा घेऊन पाणी काढा. अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली असेल तर अ‍ॅनोफिलिस. डोकं खाली करून लटकत असेल तर एडिस किंवा क्युलेक्स. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले तर वेळ गेलेली आहे: बीटीआय हे जिवाणूंपासून बनवलेलं अळीनाशक अळ्यांनी खाल्लं तरच काम करतं आणि कोष काही खात नाहीत. ते पाणी ओतूनच टाकायला हवं. आणि नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. काथ्यानं किंवा ब्रशनं घासायलाच हवं.

ओतता येत नाही अशा पाण्यासाठी, म्हणजे लिफ्टच्या खड्ड्यासाठी किंवा बांधकामावरच्या साठ्यासाठी, टेमिफॉस 50 टक्के हे अळीनाशक चांगलं: 10 लिटर पाण्यात 2.5 मिली मिसळून ते द्रावण साचलेल्या पाण्यावर फवारायचं, आठवड्यातून एकदा. जोराचा पाऊस येऊन गेला की पुन्हा.

कमिटीनं करारात घालावं ते हे: धुराच्या फेऱ्या काढून त्याच पैशात दर सात दिवसांनी एक माणूस गच्ची, डक्ट, पार्किंग आणि बाल्कन्या तपासेल, कुठे अळ्या सापडल्या ते वहीत लिहील आणि तीच जागा पुढच्या आठवड्यात आधी बघेल. वहीखाली सेक्रेटरीची सही असल्याशिवाय बिल मंजूर करू नका.