सोनं आपलं, तिजोरी सराफाची

माझ्या मावशीची निम्म्याहून जास्त बचत पीएमसी या सहकारी बँकेत होती. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि पहिल्या आदेशात सहा महिन्यांसाठी खात्यामागे फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. मर्यादा पुढे वाढत गेली, २०२२ च्या जानेवारीत बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली, पण पाच लाखांवरच्या ठेवी सुटायला दहा वर्षांपर्यंतची मुदत लागली. मावशी निवृत्त शिक्षिका. पासबुकात आकडा दिसतोय आणि औषधाला पैसे नाहीत, हे तिने भोगलंय. त्यामुळे "हातात सोनं हवं" असं तिला वाटू लागलं, त्यात काहीही चुकीचं नव्हतं. मी सोन्याच्या विरोधात लिहीत नाही. तिच्या या भीतीवर ज्याने धंदा केला, त्याच्याविषयी लिहितोय.

सराफ ओळखीचाच, गावच्या पेठेतला. माझ्या आईच्या लग्नातल्या बांगड्या त्याच्या वडिलांनी घडवलेल्या. मोबाईलवर पैसे जाईनासे झाले की तो हमखास विषय काढायचा. जुलै २०२४ च्या अखेरीस एका तंत्रज्ञान कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि शेकडो लहान सहकारी व ग्रामीण बँकांचं यूपीआय तात्पुरतं तोडावं लागलं. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडखळलं. दोन्ही बातम्या खऱ्याच होत्या. त्यांच्या जोरावर तो सांगायचा, "बाई, उद्या सगळं बंद पडलं तर बोटातली सोन्याची वेढणीच उपयोगी पडणार. चोख सोनं घ्या." आणि मग हळूच, "एवढं घरात कशाला ठेवता? एकट्या राहता. आमच्या तिजोरीत तुमच्या नावाचं पाकीट वेगळं ठेवतो. हवं तेव्हा उचला."

सगळी फसवणूक या शेवटच्या वाक्यात आहे. यंत्रणा कोलमडली तरी आपल्या हाती काहीतरी असावं म्हणून माणूस सोनं घेतो. ते दुसऱ्याच्या तिजोरीत राहिलं तर आपल्याकडे पुन्हा कागदच उरतो, आणि त्या कागदामागे रिझर्व्ह बँक नसते, पाच लाखांचा ठेव विमाही नसतो.

मावशीने त्याचं ऐकलं. तिला मिळालेला तो कागद मी नंतर नीट पाहिला. फिक्कट पिवळी चिठ्ठी, वर दुकानाचं नाव आणि बालाजीचा छाप. "टॅक्स इन्व्हॉइस" कुठेच नाही, त्या जागी बारीक अक्षरात "एस्टिमेट". जीएसटी क्रमांक नाही. वजनाच्या रकान्यात "१०.०००", शुद्धतेचा रकाना कोरा. खाली पेनाने "जमा" आणि एक आडवी रेघ, तीच सही. पक्कं बिल मागितलं तेव्हा तीन टक्के जीएसटी वाचतो असं सांगितलं. रक्कम दर वेळी दोन लाखांच्या आत ठेवायची, म्हणजे पॅन लागत नाही, हाही सल्ला त्याचाच. गिऱ्हाइकाच्या फायद्याच्या वाटणाऱ्या या दोन सवलतींनी प्रत्यक्षात पुरावा पुसला जात होता.

दुकान बंद व्हायच्या आधी त्याने आणखी एक चाल खेळली. "जुन्या पावत्यांचं नूतनीकरण" म्हणून गिऱ्हाइकांना बोलावलं, मूळ चिठ्ठ्या घेतल्या आणि वहीत नोंद केल्याचं सांगून नुसता एक टोकन नंबर दिला. मावशीने काही चिठ्ठ्या दिल्या, काही घरीच राहिल्या होत्या. आज त्या राहिलेल्या चिठ्ठ्यांवरच तिची तक्रार उभी आहे. मग एका सोमवारी शटर खाली, फोन बंद, आणि बाहेर माझ्या मावशीच्या वयाची कितीतरी माणसं.

त्याच्याकडून घेतलेली काही सोन्याची नाणी तिने घरी आणली होती, प्लास्टिकच्या कार्डात सीलबंद, वर "९९९" छापलेलं, म्हणजे हजारात ९९९ भाग शुद्ध. ती घेऊन आम्ही दुसऱ्या गावातल्या सराफाकडे गेलो. त्याने कार्ड कापायची परवानगी मागितली, नाणं कॅरेटमीटर या शुद्धता मोजायच्या यंत्राखाली ठेवलं आणि काही न बोलता स्क्रीन आमच्याकडे वळवली. टंच, म्हणजे शंभरातला शुद्ध सोन्याचा वाटा, ८३ च्या आसपास. म्हणजे २० कॅरेटचा माल २४ च्या भावाने गळ्यात मारलेला. वर त्याने हेही सांगितलं की हे यंत्र फक्त वरचा थर वाचतं. टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ असते की आत तो भरलेला असला तर वजनावरूनही कळत नाही. खात्री हवी तर नाणं वितळवूनच टंच काढावा लागतो.

बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची जी सक्ती आली ती दागिन्यांना. बिस्किट, पत्रा, तार, नाणं त्या आदेशातून वगळलेलं होतं. दागिन्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की तपासता येतो. नुसतं "९९९" मात्र कोणीही छापू शकतं. नाणं घ्यायचंच तर बीआयएस हॉलमार्क असलेलं, परवानाधारक रिफायनरीचं घ्या, आणि जीएसटीचं बिल त्याच दिवशी हातात घ्या. बँकेतून नाणं घेतलं तर तीच बँक ते परत विकत घेत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. लॉकरमध्ये ठेवलंत तर चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते, म्हणून वेगळा विमा काढा.

पोलीस ठाण्यात आधी "हा खरेदी-विक्रीचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा" असं सांगितलं गेलं. ते मान्य करू नका. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात, ज्याला एमपीआयडी म्हणतात, ठेव म्हणजे फक्त पैसे नव्हेत. परत देण्याच्या बोलीवर स्वीकारलेली मौल्यवान वस्तूही त्यात येते. आम्ही तेच लेखी दिलं, सोबत चिठ्ठ्या आणि बँकेतून त्या त्या दिवशी काढलेल्या रकमांचा उतारा जोडला. इतर गिऱ्हाइकांनीही तसेच अर्ज दिले, तेव्हा प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलं.

तुमचं सोनं आज कोणा सराफाच्या तिजोरीत "जमा" असेल, तर याच आठवड्यात जाऊन मागा. "उद्या या" म्हणाला तर तारीख लिहून घ्या, सोबत साक्षीदार न्या, चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. आणि नूतनीकरण, बदली, नवी पावती, कारण काहीही सांगो, मूळ चिठ्ठी त्याच्या हातात देऊ नका.