मनावरच्या ताणाची खरेदी: रोख पाकीट की वेगळं यूपीआय खातं?

ऑफिसात बोलणी खाल्ली की रात्री अकराला मोबाइलवरून कुर्ता मागवला जातो. अशा खर्चावर पूर्ण बंदी टिकत नाही. आठवड्याची मर्यादा टिकते. समजा, 500 रुपये.

रोख पाकीट सोपं. सोमवारी 100च्या पाच नोटा त्यात घालायच्या, वर तारीख लिहायची. नोट मोडताना हात थबकतो, पाकीट पातळ झालेलं डोळ्यांना दिसतं. वडापाव, रस्त्यावरची कानातली यांसाठी उत्तम. पण ऑनलाइन खरेदीला ते आवर घालत नाही, आणि मन बहुतेकदा तिथेच घसरतं.

वेगळं खातं दुसऱ्या बँकेत उघडा, किमान शिलकीची अट नसलेलं. पगाराच्या खात्यातून दर सोमवारी 500 आपोआप वळते करा. मग खरं काम: यूपीआय अ‍ॅपमधून पगाराचं खातं काढा, शॉपिंग अ‍ॅपमध्ये साठवलेली कार्डंही पुसा. हे राहिलं तर सगळं वाया, कारण शिल्लक संपताच दुसरं खातं निवडायला एक टिचकी पुरते. पगाराच्या खात्यावर यूपीआय ऑटोपे असेल, तर ते हप्ते आधी नेटबँकिंगवर न्या. यूपीआय लाइट (अ‍ॅपमधलं छोट्या रकमांचं पाकीट, ज्यात खात्यातून आधी पैसे भरायचे) बंदच बरं: पिन लागत नाही, आणि पासबुकात फक्त पैसे भरल्याची नोंद येते, ते कशावर गेले ते दिसत नाही.

खर्च मोबाइलवर होत असेल तर आमचं मत निःसंशय खात्याच्या बाजूने. क्रेडिट कार्डाची बाकी तुंबली असेल, तर 500चे 200 करा आणि उरलेले 300 तिकडे भरा.