ए-टू लायसन्सवरची पहिली गाडी: होंडा सीबी५००एफ, आणि तिच्यासोबत बघितलेल्या बाकीच्या

ब्रिटनमध्ये ए-टू लायसन्स, म्हणजे मध्यम ताकदीच्या मोटरसायकलींचं लायसन्स, काढायचं ठरलं की डोक्यात एकच आकडा फिरायला लागतो, त्यावर चालवता येणाऱ्या गाडीची कमाल ताकद, ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७ बीएचपी. मग रात्री बसून एकेका गाडीचे स्पेसिफिकेशन उघडायचे आणि ४७ च्या जवळ कोण जातंय ते बघायचं, सगळे हेच करतात. पण या लायसन्सवरच्या चांगल्या गाड्या जवळपास सगळ्याच त्या आकड्याच्या आसपास आहेत, त्यामुळे आकड्यावरून काही ठरत नाही. फरक पडतो तो ती ताकद हातात कशी येते, गाडी उभी असताना पायावर किती भार टाकते आणि दोन वर्षांनी तुम्ही तिचं काय करणार आहात यावरून. मी होंडा सीबी५००एफ घेतली, सेकंडहँड, २०१९ नंतरचं मॉडेल. रोजच्या ट्रॅफिकमध्ये, पावसात, मोटरवेवर, सगळीकडे चालवलीय, आणि पहिल्या गाडीसाठी मला अजून तरी हिच्यापेक्षा चांगली गाडी दिसलेली नाही. का ते नीट सांगतो.

आधी नियम थोडक्यात, कारण इथे बऱ्याच मुलांचा गोंधळ होतो. ए-टू १९ व्या वर्षापासून मिळतं. आधी सीबीटी (सक्तीचं प्राथमिक ट्रेनिंग), मग थिअरी, मग मॉड वन (बंद मैदानातली टेस्ट) आणि मॉड टू (रस्त्यावरची टेस्ट). फुल ए लायसन्स, म्हणजे कितीही ताकदीच्या गाडीचं, थेट काढायचं तर वय २४ पाहिजे, नाहीतर ए-टू वर दोन वर्षं काढायची, वय किमान २१ पाहिजे आणि परत मॉड वन, मॉड टू द्यायच्या. म्हणजे ज्यांचं वय २४ च्या पुढे आहे त्यांनी ए-टू च्या भानगडीत पडायची गरजच नाही, हे सगळं मुख्यतः कॉलेजच्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरापोरींसाठी आहे. आणि भारतातून नवीन आलेल्यांनो, आपलं तिकडचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं पण ते बदलून इथलं मिळत नाही, प्रोव्हिजनलपासून, म्हणजे शिकाऊ लायसन्सपासून, सुरुवात करावी लागते.

गाडीसाठी अटी तीन. ताकद ३५ किलोवॅटच्या वर नको. ताकद (किलोवॅट) भागिले वजन (किलो) ०.२ च्या वर नको. आणि गाडी मुळात जास्त ताकदीची असून दाबलेली, म्हणजे ताकद मुद्दाम कमी केलेली (रिस्ट्रिक्ट केलेली) असेल तर मूळ ताकद दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे ७० किलोवॅटपर्यंतच. दुसरी अट लोक विसरतात. पूर्ण ३५ किलोवॅट पाहिजे असतील तर गाडी किमान १७५ किलोची असावी लागते. कावासाकी निंजा ४०० बघा, १६८ किलो आणि ३३.४ किलोवॅट, भागाकार करून बघा, ०.२ च्या अगदी काठावर बसते. सीबी५००एफ १८९ किलोची आहे म्हणून तिला पूर्ण ३५ मिळतात.

आता गाडी. ४७१ सीसीचं ट्विन सिलिंडर इंजिन आहे, आणि ही ५०० ची मालिका होंडाने २०१३ मध्ये आणली, ज्या वर्षी जानेवारीत युरोपभर ए-टू चा हा नियम लागू झाला त्याच वर्षी. हे मला महत्त्वाचं वाटतं. ही कुठल्या मोठ्या गाडीची दाबलेली आवृत्ती नाही, तिचं इंजिन, गिअरिंग, वजन सगळं याच ताकदीसाठी बसवलेलं आहे, आणि ते चालवताना कळतं. खालच्या आरपीएमला क्लच हळू सोडला की गाडी न कुरकुरता निघते, बंद पडत नाही, धक्का देत नाही, आणि वर नेली तर शेवटपर्यंत ओढत राहते, एकदम कुठेतरी जीव गेल्यासारखं होत नाही. नवीन माणसाच्या मनगटाला अजून थ्रॉटलचा अंदाज नसतो, खड्ड्यावरून जाताना हात नकळत पिळला जातो, अशा वेळी गाडीने अंगावर न येणं हा सगळ्यात मोठा गुण आहे आणि तो कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेला नसतो.

२०१९ पासून हिला स्लिपर क्लच आला. लिव्हर इतका हलका आहे की तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलं तरी डावा हात दुखत नाही, आणि घाईत दोन गिअर एकदम खाली टाकले तरी मागचं चाक अडखळत नाही. मीटरवर कुठला गिअर पडलाय ते दिसतं, अनुभवी लोक हसतील पण पहिल्या काही महिन्यांत राउंडअबाउटवर शिरताना ते दिसणं फार उपयोगाचं आहे. सीटची उंची ७८५ ते ७८९ मिमी, वर्षाप्रमाणे थोडा फरक, आणि सीट पुढे निमुळती आहे त्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय नीट टेकतात. हँडल दोन्ही बाजूला भरपूर वळतं, अरुंद जागेत गाडी फिरवताना आणि मॉड वनच्या यू-टर्नला हे कळतं. पुष्कळ ट्रेनिंग स्कूल शिकवायला हीच गाडी वापरतात ते काही उगाच नाही.

पेट्रोल खूप कमी पितं हे प्रकरण. होंडाचा आकडा १०० किमीला ३.५ लिटर असा आहे, टाकी १७.१ लिटरची, म्हणजे हिशोबाने एका टाकीत साडेचारशे किमीच्या वर. हात जड असेल तर अर्थातच कमी मिळेल, पण पेट्रोलपंप शोधत फिरायची वेळ येत नाही.

जिथे कमी पडते तेही सांगतो. नेकेड गाडी आहे, पुढे काच नाही, मोटरवेवर ७० मैलांच्या वेगात सगळा वारा छातीवर येतो आणि थंडीत तासाभराने खांदे आखडतात. रोज मोटरवेच करायचा असेल तर याच इंजिनची सीबी५००एक्स बघा, २०२४ पासून तिचं नाव एनएक्स५०० झालंय, काच आहे, बसणं सरळ आहे, फक्त सीट ८३० मिमी आहे त्यामुळे आधी बसून बघायचं. मागची सीट छोटी आहे, मित्राला स्टेशनपर्यंत सोडणं ठीक, मागे कोणाला घेऊन दोनशे मैल जायचं तर मागचा बोलेल. आणि २०२१ पर्यंतच्या मॉडेलला पुढे एकच ब्रेक डिस्क आणि साधा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) आहे, रोजच्या वापराला पुरेसा, पण २०२२ पासून दोन डिस्क आणि शोवा कंपनीचा उलटा (अपसाइड डाउन) फोर्क आला त्यात ब्रेकिंगचा विश्वास वाढलेला सरळ जाणवतो. बजेटमध्ये बसत असेल तर २०२२ च्या पुढची घ्या. २०२४ पासून एफचं नाव सीबी५०० हॉर्नेट झालं आणि ट्रॅक्शन कंट्रोल, रंगीत स्क्रीन वगैरे आलं, चांगलंच आहे पण पहिल्या गाडीला त्यासाठी नव्याचे पैसे मोजावेत असं मला नाही वाटत.

आता खरा वाद. शोरूममध्ये गेलं की हमखास ऐकायला मिळतं, अरे ५०० कशाला घेतोस, मोठी घे, रिस्ट्रिक्ट करून देतो, दोन वर्षांनी फुल लायसन्स आलं की रिस्ट्रिक्शन काढून टाकू, गाडी बदलायचा खर्च वाचला. मलाही एका डीलरने अर्धा तास हेच सांगितलं. ऐकायला बरोबर वाटतं आणि काही जणांसाठी ते बरोबर आहेही. यामाहा एमटी-०७ सारखी गाडी, ६८९ सीसी, मूळची ५४ किलोवॅट, ७० च्या आत, त्यामुळे ३५ ला दाबली की कायदेशीर. कावासाकी झेड६५० पण तशीच. केटीएमने तर ७९० ड्यूकची ७० किलोवॅटवर थांबवलेली आवृत्ती याच नियमासाठी काढली, कारण पूर्ण ताकदीची त्या रेषेच्या वर जात होती.

पण दाबणे म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडू देत नाहीत किंवा इसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग बदलतात. याने वरची ताकद कापली जाते, खालचा टॉर्क बराचसा तसाच राहतो. म्हणजे सिग्नलवरून सुटताना, ओल्या रस्त्यावर कॉर्नरमधून बाहेर येताना, थोडक्यात जिथे नवीन माणूस चुकतो तिथे, तुमच्या हाताखाली सातशे सीसीचा धक्का आहेच, आणि जिथे मोकळ्या रस्त्यावर इंजिन ताणायची मजा असते तिथे ती गाडी श्वास कोंडल्यासारखी थांबते. दोन्हीकडून तोटा. ज्याने आधी १२५ सीसीच्या गाडीवर दोनतीन हिवाळे काढलेत त्याला हा धक्का सांभाळता येईल, त्याने जरूर एमटी-०७ घ्यावी, ती फार छान गाडी आहे. पहिलीच गाडी असेल तर नको.

आणि कागदपत्रं. रिस्ट्रिक्ट केलेल्या गाडीचं सर्टिफिकेट जपून ठेवायचं आणि विमा कंपनीला आधीच कळवायचं. सेकंडहँड घेताना विकणारा म्हणाला की रिस्ट्रिक्टेड आहे तर शब्दावर विश्वास नको, सर्टिफिकेट दाखव म्हणायचं. कारण रिस्ट्रिक्शन निघालेलं असेल तर तुम्ही लायसन्सच्या बाहेरची गाडी चालवताय, विमाही त्यासोबत अडचणीत. विना विमा गाडी चालवण्याला इथे ३०० पौंड आणि ६ पॉइंट ही ठरलेली शिक्षा आहे, आणि पहिलं फुल लायसन्स मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द, परत प्रोव्हिजनलपासून. एवढी मेहनत करून मिळवलेलं लायसन्स थोड्या जास्त पिकअपसाठी घालवू नका रे, मनापासून सांगतोय.

बाकीच्या ज्या बघितल्या त्यांच्याबद्दल. निंजा ४०० ची सगळ्यात मोठी गंमत तिचं वजन, पार्किंगमधून मागे ढकलत काढताना तिच्यात आणि सीबीत २१ किलोचा फरक चांगलाच कळतो. ज्याला स्पोर्टी बसणं आवडतं आणि अंगाने बारीक आहे त्याने तीच घ्यावी. केटीएमची ड्यूक ३९० आणि ट्रायम्फची स्पीड ४००, दोन्ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून येतात, इथल्या शोरूममध्ये चाकणची गाडी उभी बघून छान वाटतं हे खरं आहे, अभिमान वाटला मला. ड्यूक सिंगल सिलिंडर आहे, चपळ, शहरात फार मजा, पण सीट ८२० मिमी आणि स्वभाव तापट, सतत चल चल म्हणणारी, शिकणाऱ्याला थोडी घाई करायला लावते. स्पीड ४०० त्यामानाने शांत आहे, ताकद २९.५ किलोवॅटच आहे पण टॉर्क खालीच मिळतो त्यामुळे शहरात कमी वाटत नाही, आणि सीबीला खरा पर्याय मला हीच वाटते. रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० न दाबता ए-टू मध्ये बसते, ५२ न्यूटन मीटरचा टॉर्क आहे, दिसायला राजेशाही, पण वजन दोनशे किलोच्या बरंच वर, उतारावर उभी करून परत बाहेर काढायची सवय नसेल तर दमवते. उंची कमी असेल तर होंडा रेबेल ५०० नक्की बघा, तेच सीबीचं इंजिन आणि सीट फक्त ६९० मिमी, फक्त पाय पुढे जातात आणि मागचं सस्पेन्शन छोटं आहे त्यामुळे खराब रस्त्यावर कंबरेला कळतं.

सेकंडहँड सीबी बघायला जाल तेव्हा गाडीचा नंबर टाकून एमओटीचा (गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीचा) इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, तो घरूनच बघून जा, मागे काय काय सांगितलं होतं आणि मीटरचं रीडिंग वर्षावर्षाला नीट वाढलंय का ते कळतं. गेल्यावर इंजिनला हात लावून बघा, गरम असेल तर त्याने आधीच चालू करून ठेवलीय, थंड गाडी तुमच्यासमोर स्टार्ट झाली पाहिजे. चेन किती ढिली आहे, मागच्या स्प्रॉकेटचे दात अणकुचीदार झालेत का, फोर्कच्या नळीवर तेलाचा पट्टा आहे का, टायरवर चार आकडी कोड असतो त्यातले शेवटचे दोन आकडे वर्षाचे, तेही वाचा. हँडलची टोकं, लिव्हरची टोकं आणि फुटरेस्ट घासलेले असतील तर पडलेली आहे, पहिली गाडी म्हणून विकली जाते त्यामुळे पडलेल्या बऱ्याच भेटतील, नुसती उभ्याउभ्या पडलेली असेल तर हरकत नाही, पण हँडल वाकडं असेल तर सोडून द्या. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते धुतलं नाही तर सायलेन्सरचा पाईप आणि बोल्ट गंजतात, खाली वाकून टॉर्च मारून बघाच. लॉगबुकवर (आपल्याकडच्या आरसीसारखा कागद) विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता जुळतोय का, आणि गाडीवर कर्ज बाकी नाही ना, हे पैसे देण्याआधी.

आणि नवीऐवजी जुनी गाडी घेऊन जे पैसे वाचतील ते अंगावरच्या सामानात घाला. हेल्मेटला इथे शार्प नावाचं सरकारी रेटिंग आहे, एक ते पाच स्टार, पण पाच स्टारचं हेल्मेट डोक्यात सैल बसत असेल तर काही कामाचं नाही, दुकानात जाऊन डोक्यावर घालूनच घ्यायचं. जॅकेट, पँटवर एएए, एए, ए असे सुरक्षेचे वर्ग लिहिलेले असतात, एएए सगळ्यात वरचा, निदान एए तरी घ्या. ग्लोव्हज आणि घोट्याच्या वर येणारे बूट लगेच पाहिजेत, पुढच्या पगारात घेऊ असं नको. गाडी ठरवण्याआधी, अगदी ॲडव्हान्स द्यायच्या आधी, त्या मॉडेलचा विम्याचा कोट काढा, १९-२० च्या वयात तोच आकडा कधीकधी गाडीच्या किमतीला भिडतो आणि त्यावरच निवड बदलते. दाराबाहेर रस्त्यावर उभी राहणार असेल तर सोल्ड सिक्युअर (कुलपांची मजबुती तपासणारी संस्था) चा शिक्का असलेलं चांगलं कुलूप आणि जाड साखळी धरूनच बजेट करा.

कोणी घेऊ नये ही गाडी? ज्याला रोज मागे माणूस बसवायचाय, ज्याचा रोजचा रस्ता निव्वळ मोटरवे आहे, आणि ज्याचं ए-टू चं दुसरं वर्ष संपत आलंय आणि लगेच फुल लायसन्स काढणार आहे, या तिघांनी दुसरं काहीतरी बघा. बाकी सगळ्यांनी २०२२ नंतरची, एकदोनच मालक झालेली, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली सीबी५००एफ शोधा, आणि मिळाली की विम्याचा कोट काढून मग बोलणी करा.